जास्वंदीची 12 इंची कुंडी: वर कोरडी, तळाशी चिखल

8 इंचीतून 12 इंची प्लास्टिक कुंडीत हलवलेल्या जास्वंदीची खालची पानं पिवळी पडायला लागली आहेत. वरची माती दोन इंच कोरडीठाक, पण तळाच्या भोकातून घातलेली बांबूची काडी काळी, ओलीचिंब आणि कुबट वासाची निघाली. तिच्याच जोडीचं दुसरं रोप 8 वरून 10 इंची मातीच्या कुंडीत गेलं होतं, त्याला मात्र झकास पालवी फुटली आहे. मातीचं मिश्रण तेच, ऊन तेच, तेव्हा संशय कुंडीवरच.

हिशेब मांडला की उलगडा होतो. 8 वरून 12 म्हणजे व्यास दीडपट. उंचीही त्याच प्रमाणात वाढली, तर घनफळ जवळजवळ 3.4 पट होतं. 8 वरून 10 ला ते दुपटीच्या आत राहतं. मुळं आहेत तेवढीच, आणि भोवती पाणी धरणारी माती तिपटीहून जास्त. मुळांच्या गठ्ठ्याबाहेरचं पाणी शोषायला तिथे मूळच पोचलेलं नसतं, त्यामुळे हवा संपते आणि कोवळी टोकं कुजतात. मग झाड दुपारी मान टाकतं, तहानलेलं वाटतं, आणि त्याला आणखी पाणी घातलं जातं.

त्यात भर तळाच्या पाण्याची. निचरा थांबल्यावरही बारीक मिश्रणात तळाशी एक संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेला थर उरतोच. त्याची उंची कणांच्या आकारावर ठरते, कुंडीच्या मापावर नाही. म्हणून उथळ कुंडीत तो मातीचा मोठा हिस्सा व्यापतो. खाली खडी किंवा खापऱ्यांचा थर दिला तर हा ओला थर तेवढाच वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकं वाढवूनही तो उतरत नाही. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरे.

पुन्हा उपटायचं नसेल तर वात लावा. पोछ्याची मायक्रोफायबरची एक लड भिजवून भोकातून काडीने वर ढकलायची, चार इंच खाली लोंबती ठेवायची आणि कुंडी विटांवर उचलायची. इथे पाणी दिल्यावर वातीतून बराच वेळ थेंब गळत राहिले आणि काडीवरची ओलीची रेषा स्पष्ट खाली आली. फार समाधान देणारं दृश्य! वात नसेल तर पाणी दिल्यावर कुंडी काही मिनिटं तिरकी धरा, तेवढ्यानेही बरंच पाणी निघतं.

स्वस्त ओलावा-मीटरवर मात्र विसंबू नका. खतातले क्षार वाढले की त्याचा काटा भलतंच दाखवतो. काडी बरी.

कुंडीच्या मापाबद्दल विक्रेत्यांकडे तक्रार आहेच. ‘12 इंची’ म्हणजे बाहेरच्या काठाचा व्यास. आतून वर 28, तळाशी 20 आणि उंची 26 सेंमी असेल तर जेमतेम 12 लिटर भरतात. खरेदी लिटरमध्ये करावी. पोटाला फुगीर आणि गळ्याला निमुळती कुंडी तर घेऊच नये, पुढच्या वेळी गठ्ठा अख्खा निघत नाही.

लिंबासाठी सिमेंटची कुंडी ठरली होती. बेत बदलतो आहे, कारण नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि मातीचा सामू (pH) चढतो. काळं प्लास्टिकही नको, उन्हाच्या बाजूची मुळं भाजतात. पक्की भाजलेली मातीची कुंडी बाजूंनी श्वास घेते, पण वाऱ्यात लवकर सुकते आणि वजनही फार. चकाकी दिलेली घेतली तर ती पाण्याच्या बाबतीत प्लास्टिकसारखीच वागते. लिहिता लिहिता सुचलं: कापडी ग्रो बॅग का नको? कापडाशी पोचलेली मुळं हवेने तिथेच थांबतात, गोल फिरत नाहीत.

तेव्हा आता लिंबाला 25 लिटरची बॅग. मिश्रणात भरड कोकोचिप्स (नारळाच्या सालीचे तुकडे) आणि पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) वाढवायचं, बारीक कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा) कमी. गठ्ठ्याला चारही बाजूंनी एक इंच खोल उभे काप, तळाशी गोल फिरलेल्या मुळांची गुंडाळी कापून टाकायची आणि खोडाचा पाया आधीच्याच पातळीला. बॅग जाळीदार स्टँडवर, कारण फरशीला टेकलेला तळ सुकत नाही. जास्वंद वातीवरच राहील. नवी पालवी नाहीच आली, तर कुजलेली मुळं छाटून ती 10 इंचीत.