तुम्ही विचारलेत म्हणून: त्या सॉसची कृती मी का देत नाही

भिशीला, हळदीकुंकवाला, आणि परवा तर विश्रामबागेत भाजी निवडत उभी असतानाही मला हाच प्रश्न ऐकावा लागला, की तुमच्या त्या सॉसची कृती तुम्ही कुणालाच का देत नाही. विचारणाऱ्यांच्या आवाजात आताशा कुतूहलापेक्षा तक्रार अधिक असते. मी विषय बदलते, आणि त्यामुळे माझ्याविषयी अशी समजूत पक्की झाली आहे, की ही बाई हातचे राखून वागते. हे मला लागते. माझ्या कांदा-लसूण मसाल्याचे प्रमाण आमच्या गल्लीतल्या निदान दहा घरांत माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे, आणि लोणच्याच्या दिवसांत कुणी हाक मारली तर मी हातातले काम टाकून जाते. तेव्हा आज एकदा सगळे सांगून टाकते.

आधी कृतीच देते, म्हणजे गुपिताचा प्रश्न मिटेल. ५० ग्रॅम गूळ १२० मिलिलिटर पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा. गूळ कितीही चांगला असला तरी गाळल्यावर फडक्यात काहीतरी उरतेच. एक मोठा चमचा किसलेले आले आणि सात-आठ लसणाच्या पाकळ्या बारीक चिरून थोड्या तेलात मंद आचेवर परतायच्या, मात्र लाल होऊ द्यायच्या नाहीत, कारण लसूण करपला की सगळा सॉस कडवट होतो. आले मी साताऱ्याकडचे, कोरेगाव भागातले मिळाले तर तेच घेते. त्यावर गुळाचे पाणी आणि १२० मिलिलिटर सोयासॉस घालून उकळी आणायची. एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून, ढवळत ढवळत ओतायचे. गरम पाण्यात कालवले तर हमखास गुठळ्या होतात. मिनिटभरात सॉसला चकाकी येते. मग गॅस बंद करून दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि चमचाभर भाजून कुटलेले तीळ घालायचे. व्हिनेगर आधी घालून उकळत ठेवले तर आंबटपणामुळे स्टार्च तुटतो आणि दाट झालेला सॉस पुन्हा पातळ होतो. तिळाचे म्हणाल, तर चीन-कोरियाकडच्या पदार्थांत भाजलेल्या तिळाचे तेल असते. आपल्याकडच्या घाण्याच्या तेलाला तो वास नसतो, म्हणून मी तीळच भाजून घालते. एवढ्यात साधारण ३०० मिलिलिटर, म्हणजे वीस मोठे चमचे सॉस होतो. शिळ्या भाताला, फ्लॉवरला, पनीरला, अंड्याच्या पोळीला, उकडलेल्या मक्याला, भेंडीच्या काचऱ्यांनासुद्धा तो चालतो. पूर्वी ही कृती देताना मी शेवटी आणखी एक वाक्य सांगत असे आणि त्याचा मला अभिमान होता: यात मीठ अजिबात घालायचे नाही.

त्या वाक्यापाशीच सगळे अडले आहे.

माझा थोरला भाऊ तासगाव तालुक्यात द्राक्षबाग करतो. त्याला रक्तदाबाचा त्रास आहे हे घरात सर्वांना ठाऊक होते, आणि २०१७ च्या सुरुवातीला डॉक्टरांनी मीठ कमी करा असे बजावल्यापासून वहिनींनी घरातले लोणचे, पापड, सांडगे, खारे शेंगदाणे, सगळे बंद केले होते. आमटीत मीठ निम्मे झाले. दादा जेवणावर मनापासून प्रेम करणारा माणूस. तो ताटावर बसे आणि दोन घास खाऊन उठे. वहिनी मला फोनवर सांगत, आणि एकदा सांगता सांगता रडल्या. मी तेव्हा नुकतीच या सॉसच्या प्रेमात पडले होते. मी एक बाटली भरून घेऊन गेले, वहिनींच्या वहीत कृती लिहून दिली, "मीठ घालू नये" या शब्दांखाली रेघ ओढली, आणि म्हणाले, "घरचा आहे, मीठ नाही, रंग नाही, काही नाही. दादाला हवा तेवढा खाऊ दे."

दादा खाऊ लागला. तो भाकरीला लावून खाई, भातावर घेई, बागेत जाताना डब्यात छोटी बाटली नेई. वहिनी दर आठवड्याला सॉस करू लागल्या. मला फोन येत तेव्हा त्यांचा आवाज मोकळा असे, आणि मी धन्य होत असे. हे आज लिहिताना मला त्रास होतो, पण त्या महिन्यांत मी खरोखरच आनंदात होते.

ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत त्याला दम लागू लागला. छाटणी म्हणजे मजुरांमागे धावणे आणि औषधफवारणीची घाई, तेव्हा दमणूक असणारच, असे त्यानेही म्हटले आणि आम्हीही. मग संध्याकाळी चपलांचे पट्टे पायांत रुतू लागले. एका रात्री त्याला आडवे होताच येईना; तो पहाटेपर्यंत कॉटवर बसून राहिला, आणि उजाडताच पुतण्याने त्याला मिरजेला आणून दाखल केले. मी पोहोचले तेव्हा ऑक्सिजन लावलेला होता आणि त्याचे पाय इतके सुजले होते, की बोट दाबले तर खळगा तसाच राहत होता. हृदयाची ताकद कमी पडते आहे आणि अंगात पाणी साठले आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. इंजेक्शनांनी ते पाणी लघवीवाटे काढायला सुरुवात झाली होती.

तिसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ बाई कागद घेऊन आल्या आणि वहिनींना सकाळपासून रात्रीपर्यंतचे खाणे विचारू लागल्या. वहिनींनी एकेक पदार्थ सांगितला. लोणचे आठ महिने घरात नाही, पापड नाही, बाहेरचे काही नाही, आमटीला मीठ निम्मे. त्या बाईंना कुठे काही सापडेना. मग वहिनी म्हणाल्या, "आणि वन्संनी दिलेला सॉस." त्यात काय असते असे विचारताच, वहिनींच्या आधी मीच बोलले, "त्यात मीठ अजिबात नाही."

त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मग तो खारट कशानं लागतो?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. इतक्या वेळा चव घेतली होती, कमी-जास्त केली होती, पण खारटपणा येतो कुठून हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. त्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. १०० मिलिलिटर सोयासॉसमध्ये साधारण १५ ते १८ ग्रॅम मीठ असते. म्हणजे माझ्या १२० मिलिलिटरमध्ये कमीत कमी १८ ग्रॅम, आणि वीस चमच्यांत ते वाटले तर चमच्याला जवळपास १ ग्रॅम. दादा दिवसाला किती चमचे घेतो, असे त्यांनी विचारले. वहिनी बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "पाच-सहा तरी." जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढ माणसालासुद्धा दिवसभरात सर्व मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. वहिनी तेव्हा मांडीवरच्या टॉवेलची घडी घालत होत्या. त्यांनी ती मोडली आणि पुन्हा घातली. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही.

मी नंतर बाटली हातात घेऊन पाहिली. मागच्या चिठ्ठीवर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये छापलेला होता. तो मी पूर्वीही वाचला असेन, पण सोडियम म्हणजे काहीतरी औषधाच्या दुकानातले, आणि मीठ म्हणजे बरणीतले, अशी माझ्या मनात फारकत होती. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ मिळते, हे मला त्या दिवशी कळले. पुढे मी सोयासॉस कसा करतात हेही समजून घेतले. सोयाबीन आणि गहू यांवर एक विशिष्ट बुरशी वाढवून ते मिश्रण मिठाच्या पाण्यात कित्येक महिने मुरवतात, आणि ते पाणी इतके खारट नसेल तर सगळे नासून जाईल. झटपट करायचा स्वस्त सॉस आम्लात उकळून करतात, आणि ते हायड्रोक्लोरिक आम्ल सोड्याने मारले की त्यातूनही मीठच तयार होते. कुठल्याही वाटेने गेले तरी मीठ चुकत नाही.

आता माझी बाजूही ऐका. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, की केवळ सॉसमुळे हे झाले असे म्हणता येणार नाही. छाटणीच्या धावपळीत दादाने गोळ्या अनेक दिवस चुकवल्या होत्या, आणि हृदय आधीपासूनच कमजोर झालेले असणार. हे वाक्य मी कितीतरी महिने उराशी धरून होते. ते खरेही आहे. पण मी त्या वाक्याकडे इतक्या वेळा धाव का घेते, हेही मला दिसते. आणि मग २०१७ मधली मी मला विचारते, की त्या माणसाला बेचव अन्न खाऊन झुरताना पाहत बसायचे होते का? तो इतके महिने आनंदाने जेवला, त्याचे काही मोल नाही का? मी तिला सांगते, की तू चिठ्ठी वाचायला हवी होतीस. ती म्हणते, चिठ्ठी वाचून मी त्याला काय दिले असते? या ठिकाणी मी गप्प होते, कारण मला अजून उत्तर सापडलेले नाही.

शोधले मात्र पुष्कळ. कुणीतरी कमी सोडियमचे मीठ सुचवले, तर डॉक्टरांनी दादाच्या गोळ्यांबरोबर ते नको म्हणून सांगितले. त्यात पोटॅशियम असते आणि ते रक्तात वाढले तर हृदयालाच धोका. मग मी सॉस बदलायला घेतला. १९०८ मध्ये जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्रशेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळे काढून दाखवले आणि त्या चवीला उमामी हे नाव दिले. तीच चव पिकलेल्या टोमॅटोत आणि वाळवलेल्या मशरूममध्येही असते, म्हणून मी सोयासॉस चौथाईवर आणला आणि टोमॅटो आटवून, वाळकी मशरूम भिजवून त्यांचे पाणी घातले. व्हिनेगर वाढवले, कारण आंबट असले की मिठाची उणीव कमी जाणवते. आले दुप्पट केले. हा सॉस वाईट नाही. फ्रीजमध्ये चार-पाच दिवसच टिकतो, कारण टिकवणारे मीठच काढून घेतले आहे. पण तुम्ही ज्या सॉससाठी माझ्या मागे लागता तो हा नव्हे. हा मी दोनदा भिशीला आणला होता. दोन्ही वेळा वाटी भरलेली राहिली, आणि तुमच्यापैकीच कुणीतरी विचारले, की आज नेहमीचा नाही का केला?

नेहमीचा मी अजूनही करते. आमच्या घरात तो होतो, मोजून होतो, आणि ज्या पदार्थात जातो त्यात दुसरे मीठ पडत नाही. पण दुसऱ्या घरात माझा चमचा पोहोचत नाही. तुम्ही कृती मागता तेव्हा मला तुमच्या घरातल्या माणसांची नावे आठवतात, कुणाचे सासरे गोळ्या घेतात, कुणाच्या नवऱ्याची किडनी दुखावली आहे, आणि मी विषय बदलते. ते तुम्हाला न सांगता मीच परस्पर ठरवते, हे योग्य नाही, एवढे मला मान्य आहे. म्हणून आज प्रमाणासकट लिहिले.

दादा आता बरा आहे. बाग पुतण्या पाहतो. गेल्या दिवाळीत मी नवा सॉस घेऊन गेले, त्याने भाकरीचा तुकडा बुडवून खाल्ला आणि म्हणाला, "अगं, हा तो नव्हे. तो कधी आणतेस?" वहिनी ओट्यापाशी होत्या. मी त्यांच्याकडे ती वही मागितली आणि म्हणाले, की मी लिहिलेले पान फाडून टाकते, निदान खोडते तरी. त्यांनी वही फळीवरून काढली, ते पान उघडले, रेघ ओढलेल्या शब्दांवरून बोट फिरवले आणि वही मिटून पुन्हा जागेवर ठेवली. "राहू द्या वन्सं," त्या म्हणाल्या, आणि दादाच्या ताटात भाकरी वाढायला वळल्या.