सिव्हिलच्या व्हरांड्यात तीन बुधवार

मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र काढायचं म्हणून सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, अर्ध्या तासात काम झालं. पुढचे तीन बुधवार सिव्हिलच्या व्हरांड्यात गेले. त्यातला पहिला बुधवार आठवला की अजून माझं डोकं तापतं.

मुलगा सहा वर्षांचा, ऑटिझम. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, पण त्याला गर्दी आणि आवाज सोसत नाहीत याची त्या व्हरांड्यात कुणाला कल्पनाच नव्हती. साडेआठला नंबर लावला. सगळी बाकं भरलेली. समोरचं लोखंडी दार सारखं आपटत होतं आणि प्रत्येक वेळी तो कान दाबून धरत होता. अकरापर्यंत त्याने कळ काढली. मग फरशीवर आडवा झाला आणि डोकं आपटायला लागला. मी डोक्याखाली हात घातला. "एक ठेवून द्या, गप्प बसेल," बाकावरून कुणीतरी म्हणालं. शिपायाने सांगितलं, बाहेर न्या, पण नंबर गेला तर पुन्हा रांगेत. साडेबाराला कळलं की तपासणाऱ्या मॅडम रजेवर आहेत. सकाळीच दारावर एक कागद चिकटवला असता तर माझ्या लेकराचं कपाळ सुजलं नसतं.

दुसऱ्या बुधवारी तेच दार, तीच गर्दी. तो कान दाबून कण्हायला लागला तशी शेजारची बाई उठली. "ताई, ह्याला झाडाखाली न्या. नंबर मी धरते. आला की फोन करते." तिची मुलगी बारा वर्षांची. तीही ऑटिस्टिक, प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून आलेली. त्या दिवशी आमचा नंबर लागलाच नाही, पण झाडाखाली तिने मला जे सांगितलं ते दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

निघण्याआधी फोन करून मॅडम आल्यात का विचारायचं. केसपेपरला घरातल्या एकाने पुढे जायचं, मुलाला मागून आणायचं. तपासणीत 40 मुद्दे असतात, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्यावर तीव्र. बरेचसे मुद्दे आईबापांना विचारूनच भरतात. "आणि आपण काय करतो ताई, पोराचं कौतुकच सांगत बसतो. त्याचा अवघड दिवस कसा असतो तेही सांगा." मी आठवडाभर वहीत लिहिलं: नखं कापायला दोघं लागतात, भात आणि केळं सोडून काही खात नाही, रात्री तीनला उठतो.

चित्रांची युक्तीही तिचीच. दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं लावायची: रिक्षा, बाक, मॅडम, वेफर्स, घर. एक गोष्ट झाली की तो स्वतः ते चित्र काढून पिशवीत टाकतो. तिसऱ्या बुधवारी मी बाकाचं चित्र तीनदा लावलं होतं, कारण बसावं तीनदा लागतं. शेवटचं बाक त्याने पिशवीत टाकलं आणि स्वतःच मॅडमच्या खोलीकडे निघाला. मला तिथेच रडू आलं.

प्रमाणपत्र हातात आल्यावर लगेच निरामय या सरकारी आरोग्य विम्याचा अर्ज करा, वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही. आयकर जुन्या पद्धतीने भरत असाल तर 75,000ची वजावट आहे. कानावर लावायचे मोठे हेडफोन पहिल्याच दिवशी न्या, मी तिसऱ्या खेपेला नेले. आणि त्या व्हरांड्यात भेटलेल्या आईचा फोन नंबर घेतल्याशिवाय घरी येऊ नका. आता आम्ही नऊ घरं एकमेकांचे नंबर धरतो.

मुदतही बघून ठेवा. आमचं पाच वर्षांनी पुन्हा करायचंय. तेव्हा तो अकराचा असेल, फरशीवरून उचलणं मला झेपणार नाही. म्हणून त्या दाराचा आवाज मोबाइलमध्ये भरून आणलाय. थेरपिस्टला विचारून रोज संध्याकाळी, खेळता खेळता, अगदी बारीक आवाजात लावते. काल त्याने कान दाबले नाहीत.