कांद्याच्या पेशीतले हिरवे ठिपके

आठवीत असताना मी वहीत कांद्याच्या पेशींची आकृती काढली होती. भिंतीत विटा रचाव्यात तशा पेशींच्या ओळी, प्रत्येकीत एक केंद्रक, आणि पुस्तकातल्या वनस्पतिपेशीत असतात म्हणून हिरव्या पेन्सिलीने काढलेले ठिपके, म्हणजे उन्हात अन्न तयार करणारी हरितलवकं. विज्ञानाच्या बाईंनी त्या ठिपक्यांभोवती लाल पेनाने गोल केला आणि विचारलं, "हे तुला दिसलं का?"

"नाही बाई, पण पुस्तकात आहे."

"पुस्तकातल्या आकृतीखाली ते चालेल. ही तुझ्या कांद्याची आकृती आहे ना?"

कांदा खरंच माझा होता. निफाड तालुक्यातल्या आमच्या घरच्या, कांदा साठवायच्या चाळीतला, उन्हाळ. मी नाशकात मामाकडे राहून शिकत होतो. शनिवारी शाळा सुटली की एसटीने गावी जायचो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत यायचो. पुढच्या आठवड्यात पेशी बघायची आहे, कांदा कोण आणेल, असं बाईंनी विचारलं तेव्हा सगळ्यांत आधी माझा हात वर गेला. दप्तरातून पाच कांदे घेऊन आलो होतो.

ते चाळीस-पंचेचाळीस मिनिटं मला आजही जशीच्या तशी आठवतात. बाईंनी कांद्याची एक जाड पाकळी घेतली, उलट बाजूला मोडली आणि मोडलेल्या कडेपासून चिमट्याने आतल्या अंगाचा पापुद्रा ओढून काढला. इतका पातळ, की बोटावर ठेवला तर त्यातून बोटाच्या रेषा दिसत होत्या. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात तो पापुद्रा सुरकुती न पडता पसरायचा, वर आयोडीनचा एक थेंब. मग आच्छादक काच एका कडेवर टेकवून सुईच्या आधाराने हळूच खाली सोडायची, म्हणजे हवा अडकत नाही. माझ्या पहिल्या काचपट्टीत हवा अडकलीच, आणि बुडबुड्यांच्या जाड काळ्या कडा पाहून मी आनंदाने ओरडलो, "बाई, पेशी दिसल्या!" बाई रागावल्या नाहीत. "तो बुडबुडा. पेशीला कोपरे असतात, बघ," म्हणाल्या आणि दुसरा पापुद्रा काढायला लावला.

सूक्ष्मदर्शक एकच, रांग अख्ख्या वर्गाची. आरसा खिडकीकडे वळवलेला. माझी पाळी आली, बाईंनी चक्र किंचित फिरवलं, आणि धुक्यातून एकदम पिवळसर विटांची भिंत वर आली. प्रत्येक विटेत एक गडद ठिपका, बहुतेकींत कडेला सरकलेला. मधली मोकळी जागा रिक्तिकेची, म्हणजे पेशीतल्या पाणी भरलेल्या पिशवीची, तिनेच केंद्रकाला भिंतीकडे ढकललेलं असतं, हे बाईंनी नंतर सांगितलं. हिरवं काहीच नव्हतं. कांदा म्हणजे पानांचेच फुगलेले बुडखे, तिथे ऊन पोहोचत नाही. अन्न तयार करण्याचं काम वर पातीत चालतं, खाली नुसता साठा. हे कळल्यावर वहीतल्या हिरव्या ठिपक्यांचं काय चुकलं ते मला समजलं.

पेशीला 'पेशी' कुणी म्हटलं हेही त्याच तासाला ऐकलं. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाचा पातळ काप पाहिला आणि त्यातल्या रिकाम्या कप्प्यांना 'सेल', म्हणजे कोठडी, हे नाव दिलं. "हूकला घर दिसलं, घरात राहणारं कुणी दिसलं नाही," बाई म्हणाल्या होत्या. बूच मेलेलं, म्हणून नुसत्या भिंती उरलेल्या. केंद्रकाला नाव मिळायला १८३१ साल उजाडलं, ते रॉबर्ट ब्राउनने दिलं. त्यानंतर श्लायडेन आणि श्वान या दोघांनी १८३८-३९ मध्ये मांडलं, की झाड असो वा प्राणी, सगळं पेशींचंच बनलेलं आहे. परीक्षेपुरती ही नावं सगळ्यांनीच पाठ केली. पण त्या आधी आमच्या डोळ्यांनी भिंत पाहिलेली होती, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच पडला.

गालाच्या आतल्या पेशीही पाहिल्या. त्यांना पेशीभित्तिका नाही, म्हणून कोपरे नाहीत, कशाही पसरलेल्या. गोदावरीच्या काठच्या साचलेल्या डबक्यातलं पाणी आणून बाईंनी त्यात वाळकं गवत आठवडाभर भिजत घातलं होतं, त्या दिवशी मात्र वर्गात गलका झाला. चपलेच्या तळव्याच्या आकाराचं पॅरामिशियम इतकं सुसाट धावायचं, की भिंगाखाली सापडेना. मग बाईंनी कापसाचे दोन-चार तंतू थेंबात टाकले. त्यांत अडखळून ते सावकाश झालं. एकच पेशी, आणि तीच खाते, नको ते बाहेर टाकते, वाट अडली की मागे सरून वळते, एकाची दोन होते. सजीव कशाला म्हणायचं या धड्यातली सगळी लक्षणं त्या एका थेंबात होती. डेल्फ्टमधला एक कापडाचा व्यापारी, लेवेनहुक, त्याने स्वतः घासून बनवलेल्या भिंगातून १६७० च्या दशकात असेच जीव पाहिले होते. एका व्यापाऱ्याने हे केलं, याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटलं.

आता मनुकांबद्दल. सकाळी बाईंनी दहा मनुका साध्या पाण्यात टाकल्या, शाळा सुटेपर्यंत त्या टम्म फुगल्या. दुसऱ्या दिवशी त्याच मनुका साखरेच्या घट्ट पाकात टाकल्या, त्या पुन्हा सुरकुतल्या. पाणी पेशीपटलातून जिथे विरघळलेलं जास्त, तिकडे जातं. याला परासरण म्हणतात. मी वहीत व्याख्या लिहिली आणि पुढच्या धड्याकडे वळलो.

शिक्षण संपवून मी गावी परतलो, द्राक्षबाग सांभाळू लागलो. एका वर्षी काढणीच्या तोंडावर सलग दोन दिवस अवकाळी पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेलो तर घडांतले मणी देठाजवळून तडकलेले, रस गळतोय, माश्या घोंगावताहेत. वडील एक घड हातात घेऊन उभे होते. बांधापलीकडची, उशिरा छाटलेली बाग मात्र तशीच धड होती. ते म्हणाले, "पाऊस दोन्हीकडं सारखाच पडला ना रे? मग त्यांचे मणी कसे वाचले?"

मला एकदम त्या मनुका दिसल्या. आमच्या मण्यांत पाणी उतरलेलं होतं, म्हणजे ते मऊ पडून पिकू लागले होते, गोडी भरली होती. आत साखर दाट, बाहेर पावसाचं निव्वळ पाणी, शिवाय मुळांकडूनही पाणी वर येतंय. पाणी आत शिरत राहिलं, सालीला ताण सहन होईना. शेजारचे मणी अजून हिरवे, आंबट आणि टणक होते, त्यांत फारशी साखर नव्हती. मी वडिलांना असंच सांगितलं. नुकसान भरून आलं नाही, पण ते बराच वेळ ऐकत उभे राहिले, आणि पुढच्या वर्षीपासून सगळी बाग एकाच आठवड्यात छाटायची नाही असं आम्ही ठरवलं.

डावणी या द्राक्षावरच्या रोगाचंही तसंच. पानाच्या वरच्या अंगाला तेलकट पिवळे डाग, आणि उलटून पाहिलं तर खाली पांढरी कापसासारखी वाढ. खालीच का? बाईंनी ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाच्या जांभळ्या पोटाचा पापुद्रा काढून पर्णरंध्रं, म्हणजे पानाची बारीक छिद्रं, दाखवली होती. द्राक्षाच्या पानाचीही पर्णरंध्रं खालच्या अंगाला असतात. डावणीचे बीजाणू ओल्या पानावर पोहत येतात, त्या दारांतून आत शिरतात आणि तिथूनच बाहेर डोकावतात. नवीन होतो तेव्हा मी एकदा भुरी हा दुसरा रोग समजून गंधकाच्या दोन फवारण्या दिल्या होत्या. गंधक भुरीवर चालतं, डावणीवर नाही. व्हिटेकर या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये मांडलेल्या सजीवांच्या पाच सृष्टी, म्हणजे पाच मोठे गट, मी घोकून पाठ केल्या होत्या, तेव्हा हे वर्गीकरण कशाला, असं वाटायचं. बुरशीसारखी दिसणारी डावणी खरी बुरशी नव्हे. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, डावणीच्या भित्तिकेत सेल्युलोज. ती शेवाळांच्या जवळच्या नात्यातली. दिसायला सारखे म्हणून एका घरातले, असं होत नाही. तेव्हापासून मी फवारणी ठरवण्याआधी पान उलटतो, आणि मजुरांनाही आधी पान उलटायला लावतो.

बाई निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली. गेल्या हंगामात त्यांच्या घरी द्राक्षं द्यायला गेलो होतो. पेटीत वर दोन-चार पानं असतात, त्यांतलं एक त्यांनी उचललं आणि बोलता बोलता उलटं करून पाहिलं.

आठवीची ती वही आईने माळ्यावर जपून ठेवली होती. कांद्याच्या आकृतीचं पान या मजकुरासोबत पाठवत आहे. संपादक मंडळाला एकच विनंती, जमलं तर ते रंगीत छापावं. हिरवे ठिपके आणि त्यांच्याभोवतीचा लाल गोल, दोन्ही दिसायला हवेत.