फ्रेमच्या कोपऱ्यातला घुमट

परवा रात्री समुद्रकिनाऱ्याचं फुटेज एडिट करायला बसलो होतो. एका शॉटमध्ये ड्रोन सावकाश डावीकडून उजवीकडे वळतो. तो संपता संपता लांबवर एक भिंत आली. भिंतीवर काटेरी तारा, आत रडारवर असतो तसला पांढरा घुमट. उडवताना मोबाइलच्या स्क्रीनवर तो दिसलाच नव्हता. मॉनिटरवर झूम केलं, तर घुमटापाशी उभ्या असलेल्या गाड्या मोजता येत होत्या.

उडवण्याआधी मी नकाशा पाहिला होता. जागा ग्रीन झोनमध्ये, म्हणजे ठरलेल्या उंचीपर्यंत वेगळी परवानगी न घेता ड्रोन उडवता येतो अशा भागात होती, उंचीही मर्यादेत. पण ड्रोन कुठे आहे एवढंच झोन सांगतो, कॅमेरा कुठवर बघतोय हे नाही. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

म्हणून कायदे वाचायला घेतले. भारताचा शासकीय गुपिते कायदा १९२३ चा. त्यात ‘स्केच’ या शब्दाच्या व्याख्येतच फोटोही धरलेला आहे, आणि निषिद्ध ठिकाणाच्या आसपास असं स्केच करणंसुद्धा कलम ३ मध्ये येतं. हेतू देशाच्या सुरक्षिततेला बाधक असावा लागतो, हे खरं. पण तो हेतू परिस्थितीवरून आणि माणसाच्या वागण्यावरूनही ठरवता येतो. हे वाक्य मी तीनदा वाचलं. अमेरिकेत विमानातून लष्करी ठिकाणांचे फोटो काढण्यावरची बंदी १९३८ पासूनची. २०२४ मध्ये व्हर्जिनियात एका परदेशी विद्यार्थ्याचा ड्रोन झाडात अडकला. त्यातलं फुटेज नौदलाची जहाजं बांधतात त्या भागाचं निघालं आणि त्याला सहा महिन्यांची कैद झाली.

जपानने २०१६ मध्ये महत्त्वाच्या इमारतींवर ड्रोन उडवायलाच बंदी केली, २०१९ मध्ये संरक्षण दलांचे तळही त्यात आणले. तरी २०२४ मध्ये योकोसुका तळावरच्या ‘इझुमो’ युद्धनौकेचा वरून घेतलेला व्हिडिओ इंटरनेटवर आलाच.

हे कायदे जाचक आहेत, असं आमच्यातले बरेच जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्या शॉटबरोबर माझ्या ड्रोनने एक एसआरटी फाइल, म्हणजे सबटायटल्ससाठी वापरतात तसली मजकुराची फाइल, तयार केली होती. ती नोटपॅडमध्ये उघडली, तर ओळीमागून ओळ: वेळ, अक्षांश, रेखांश, उंची. मला सूर्यास्त हवा होता, पण तेवढ्यावरून कुणीही तो घुमट नेमका कुठे आहे हे काढू शकलं असतं. आत ड्यूटीवर असलेल्या जवानांनी माझ्या हौसेची किंमत का मोजावी?

क्लिप, एसआरटी फाइल, मेमरी कार्डावरची मूळ प्रत, क्लाउडवरचा बॅकअप, सगळं पुसलं. आता उडवायच्या आधी मी चहूबाजूंचं क्षितिजही नकाशावर तपासतो. रविवारी पुन्हा त्याच किनाऱ्यावर जाणार आहे. ड्रोन या वेळी उजवीकडून डावीकडे वळेल, कॅमेऱ्याचं तोंड पूर्ण वेळ पाण्याकडे ठेवून.