पोराआधी बापाला भेटा की!

आमच्याकडे कपडे मशीनला टाकायचं काम माझं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मुलाच्या जीन्समधून पातळ कागदांचं चिमुकलं पुस्तक निघालं. पुठ्ठ्याची एक पट्टी फाडलेली. दुसऱ्या खिशात तीच पट्टी स्प्रिंगसारखी वळलेली, एक टोक तपकिरी. साध्या सिगारेटला असलं काही लागत नाही, गांजा वळायला लागतं. मुलगा अकरावीत, नुकतं सतरावं लागलेलं.

त्या रात्री मी गप्प बसलो. तोंड उघडलं असतं तर नुसता आवाज चढला असता. मला आधी जाणत्या माणसाकडून समजून घ्यायचं होतं की गांजाने नेमकं होतं काय, आणि या वयाच्या पोरापाशी विषय काढायचा कसा. एवढ्यासाठी माझे तीन हाफ डे गेले.

नाशकातल्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. केसपेपरच्या खिडकीवर पहिला प्रश्न, "पेशंट कुठंय?" म्हटलं, पेशंट नाही आणलेला, मला सल्ला हवाय. "पेशंटशिवाय पेपर निघत नाही." मग माझ्या नावाने काढा. "तुम्हाला काय होतंय?" मी काचेला तोंड लावून हळूच सांगितलं. बाईंनी मान मागे वळवून मोठ्याने विचारलं, "अहो, गांजावाल्याला कुठं पाठवायचं?" रांगेत अंबडच्या आमच्याच कंपनीतला एक जण उभा होता. मी पेपर न घेताच बाहेर पडलो. गाडीची किल्ली लावताना हात थरथरत होता.

दुसऱ्या खेपेला व्यसनमुक्ती विभागात पोचलो. तिथे कळलं की अठराच्या आतली मुलं ते घेत नाहीत, शुक्रवारी मानसोपचार ओपीडीला या. शुक्रवारी साडेनऊला जाऊन बसलो, नंबर लागला एक वाजता. डॉक्टरांनी मान वर न करता चिठ्ठीवर लघवीची तपासणी लिहिली. "मुलाला घेऊन या." तो येणार नाही, म्हणून तर मी आलोय, असं म्हणेपर्यंत पुढचा नंबर पुकारला. बाहेर शिपाई म्हणाला, "पोटदुखीचं सांगून आणा की!" माझ्या पोराला फसवून मी कुठेही नेणार नाही. आणि ओढलाय की नाही हे लघवीतून फार तर कळेल, बोलायचं कसं हे त्या चिठ्ठीतून कसं कळणार? अख्ख्या इमारतीत बापासाठी एक खुर्ची नव्हती, याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी सेकंड शिफ्टला जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर उभं राहून १४४१६ लावला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६ हाही राष्ट्रीय नंबर आहे. पलीकडच्या ताई पहिल्यांदा म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही आधी फोन केलात." मला भरून आलं.

त्यांनी विचारलं, घरात कुणाला मानसिक आजार? मी आधी नाही म्हणालो. मग काकांचं सांगितलं. हे तुम्हीही लपवू नका. घराण्यात असा आजार असेल तर गांजाने भास-संशयाचा धोका आणखी वाढतो. मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यामुळे कोवळ्या वयात लक्ष आणि स्मरणशक्तीवर घाला येतो. किशोरवयात सुरू करणाऱ्या साधारण सहातल्या एकाला सवय जडते.

विषय मी सोमेश्वरला काढला, धबधब्याकडे तोंड करून शेजारी बसलो असताना. समोरासमोर बसवू नका, चौकशी वाटते. मी एकच विचारलं, "तुला त्यात काय बरं वाटतं?" बऱ्याच वेळाने म्हणाला, "झोप लागते, पप्पा. क्लासचं टेन्शन जातं." मग वाद आलाच. रामकुंडावर साधू ओढतात, कुंभात तर सगळ्यांसमोर. म्हटलं, त्यांना अकरावीचं केमिस्ट्री लक्षात ठेवायचं नसतं. झाडाचाच पाला तर आहे, म्हणाला. म्हटलं, तंबाखूही झाडाचाच.

पोलिसांची भीती मी घातली नाही, पण खरं ते सांगितलं. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि थोडासा जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. हां, वर राहिलंच: घरात पुडी सापडली तर मुलाच्या मित्रांच्या आयांना फोटो पाठवू नका. बायको पाठवणार होती, वेळेत थांबवलं.

मग काकांचं बोललो. तेही गांजा ओढायचे, बाविसाव्या वर्षी त्यांना आवाज ऐकू यायला लागले. गांजानेच झालं असं मी म्हणालो नाही, कारण ते मला ठाऊक नाही. आमच्या घरात त्यांचं नावही कुणी काढत नाही.

"आजीच्या कपाटातल्या फोटोत सायकलवर बसलेले, तेच का?"

"तेच."

"मग ते कुठं गेले?"

सांगून होईपर्यंत अंधार पडला होता. पोरगा एकदाही मोबाइल बघायला उठला नाही.