हा पेपर तुमचा कशावरून?

मेडिकल कॉलेजात सहयोगी प्राध्यापकपदाच्या बढतीसाठी गेल्या वर्षी अर्ज केला. अनुभवाचे दाखले, पदवीची कागदपत्रं, सेवापुस्तकाचे उतारे, सगळं दोन दुपारींत उरकलं. प्रकाशनांच्या, म्हणजे छापून आलेल्या संशोधन-पेपरांच्या यादीने मात्र साडेचार महिने खाल्ले. अजून आठवलं की चीड येते, म्हणून लिहिते आहे.

माझं काम इम्युनॉलॉजी (प्रतिकारशक्तीचं शास्त्र) आणि एंडोक्रायनॉलॉजीच्या (हार्मोन्सचं शास्त्र) सीमेवरचं. टाइप १ मधुमेहात आपलीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते. अशा मुलांपैकी काहींचा थायरॉईडही पुढे याच तऱ्हेने बिघडतो. माझे पहिले दोन पेपर त्यावरच, या दोन आजारांत रक्तात सापडणाऱ्या गॅड आणि टीपीओ या अँटीबॉडींवर. इथे पुण्यात रेसिडेन्सी करताना अँटीबॉडी मोजायच्या ९६ खळग्यांच्या एलायझा प्लेट मी स्वतः लावल्या आहेत. पिपेट दाबून दाबून अंगठा आखडायचा, आणि शेवटची ओळ भरेपर्यंत मेस बंद झालेली असायची.

छाननीत नेमके हेच दोन पेपर बाजूला निघाले. ‘मॅडम, यावर जोशी एस. व्ही. आहे. तुम्ही कुलकर्णी एस. ए. हा पेपर तुमचा कशावरून?’

आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं आणि वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं. म्हणजे जर्नलच्या (संशोधन छापणाऱ्या नियतकालिकाच्या) हिशेबात माझा एक ‘एस’ तेवढा उरला. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवर २००२ पासूनच्या लेखांना लेखकाचं पूर्ण नाव दिसतं, पण जर्नलने ते दिलं असेल तरच. माझ्या जर्नलने आद्याक्षरंच छापली होती. आणि जोशी एस. पुण्यातच किती निघतील!

हे दोन पेपर सोडून देता येण्यासारखे नव्हते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे या बढतीला दोन संशोधन लेख लागत होते, आणि त्यात तुमचं नाव पहिल्या तिघांत हवं किंवा तुम्ही करस्पाँडिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक) हव्यात. केस रिपोर्ट (एकाच रुग्णावरचे लेख) धरत नव्हते. नंतरचे माझे बहुतेक पेपर एकतर केस रिपोर्ट, नाहीतर त्यात मी पाचवी-सहावी.

लग्नाचा दाखला दिला, तो परत आला. ‘यात नवीन नाव कुठाय?’ खरंच नव्हतं, त्यावर माहेरचंच नाव असतं. प्रतिज्ञापत्र केलं. आठ दिवसांनी कळलं की राजपत्र हवं. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो, तो केला, छापून आलं, घेऊन गेले. तर म्हणे, ‘नाव बदललं हे कळलं, पण पेपर लिहिणारी जोशी म्हणजे तुम्हीच, हे यात नाही.’ हे पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून दिलं असतं तर? दर खेपेला ओपीडी सोडून जायचं, रजा टाकायची, आणि स्वतःच्या कामाबद्दल मीच ओशाळल्यासारखं उभं राहायचं. एकदा जिन्यात मला रडू आलं.

सुटलं ते गाइड सरांच्या पत्राने. दोन्ही पेपरचे करस्पाँडिंग ऑथर तेच. निवृत्त झालेत, तरी त्यांनी त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. पेपरचं नाव, वर्ष, डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक), आणि ‘यातील जोशी एस. व्ही. म्हणजेच माझी विद्यार्थिनी’ असं दोन्ही नावांसकट स्पष्ट. राजपत्र आणि पत्र एकत्र जोडल्यावर कोणी काही बोललं नाही.

तोवर मी ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची ऑनलाइन ओळख) सोळा अंकी क्रमांकही काढला होता. फुकट असतो, दहा मिनिटांत मिळतो. त्यात जुनी नावं नोंदवायची सोय आहे, ती आधी भरा, मगच पेपर शोधून जोडा. मी उलटं केलं आणि निम्मे सापडलेच नाहीत. स्कोपस या संशोधन लेखांच्या सूचीवर तर माझ्या तीन प्रोफाइल निघाल्या, आणि एकीत दातांवरचा एक पेपर, जो माझा नाहीच. तिन्ही एक करून तो काढून टाकायची विनंती तिथेच करता येते. माझं तीन आठवड्यांत झालं. परका पेपर यादीत आयता मिळाला तरी ठेवू नका, कोणीतरी तो विचारणारच.

पहिला पेपर पाठवतानाच कोणत्या नावाने लिहायचं ते ठरवा आणि लग्नानंतरही तेच चालवा. जर्नलला कागदोपत्री नाव लागत नाही. मला हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. मी आता माझ्या प्रत्येक पीजी मुलीला सांगते.

आणि हो, पेपर छापला त्या वर्षी ते जर्नल इंडेक्समध्ये, म्हणजे मान्य सूचीत होतं, हे दाखवणारं पानही छापून ठेवा. काही जर्नल्स नंतर यादीतून बाहेर पडतात. माझ्या शेजारी बसलेल्या एका सरांची फाइल त्या एका पानासाठी परत गेली होती.