आमची वाटचाल : मामांची वही

भोसरी एमआयडीसीत धातूचे भाग बनवायचं आमचं वर्कशॉप 1998 पासून आहे. भाड्याचा गाळा, एक जुनी मिलिंग, एक लेथ आणि एक पिलर ड्रिल, एवढ्यावर सुरुवात झाली. 2004 साली कर्ज काढून पहिला व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारं मिलिंग मशीन) घेतला, पुढे आणखी चार आले. मधली वर्षं कामात गेली, त्याबद्दल वेगळं काही सांगायचं नाही. सांगायचंय ते 2023 च्या दिवाळीनंतरच्या सव्वा वर्षाबद्दल, मशीनचे प्रोग्रॅम करणारं एआय आलं आणि आमचं निम्मं काम गेलं त्याबद्दल. त्या काळाबद्दल गल्लीत बरंच बोललं गेलं. आमचं वर्कशॉप जुन्या पद्धतीचं होतं म्हणून बसलं, असंही कानावर आलं. आम्हाला येऊन कुणी विचारलं नाही.

आधी मामांबद्दल. ते माझे सख्खे मामा नव्हेत, पण शॉपमध्ये सगळेच त्यांना मामा म्हणायचे. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, आयुष्य टूलरूममध्ये गेलेलं. माझ्याकडे डिप्लोमा आणि थोडे पैसे होते, त्यांच्याकडे हात होता. भागीदारी निम्मी-निम्मी, तीही तोंडी. तेवीस वर्षांत पैशावरून एकदाही आवाज चढला नाही.

मामांनी पहिल्या दिवसापासून वही ठेवली होती, एक भरली की दुसरी. किराणा दुकानात रोजमेळाला वापरतात तसली लाल कापडी बांधणीची. जॉब झाला की संध्याकाळी हात पुसून लिहायला बसत. मटेरियल काय, टूल कुठलं, होल्डर कुठला, टूल होल्डरच्या बाहेर किती, स्पीड (टूल किती वेगाने फिरतं), फीड (ते किती वेगाने पुढे सरकतं), आणि शेवटी काय बिघडलं. ईएन 24 या मिश्र पोलादावर 10 मिलिमीटरचं कार्बाइड टूल चालवल्याची एक नोंद मला तोंडपाठ आहे : ‘ईएन 24. 10 चा कार्बाइड, बाहेर 32. आवाज सुटला. फीड कमी करू नये, आरपीएम कमी करावा.’ आवाज आला की नव्या पोराचा हात आधी फीडच्या नॉबकडे जातो. फीड उतरला की टूल कापायचं सोडून घासायला लागतं आणि धार जाते. मामा ओरडायचे नाहीत. पोराला वहीतलं पान काढून वाचायला लावायचे.

पहिला व्हीएमसी आला तेव्हा आम्ही प्रोग्रॅम हाताने लिहायचो. कागदावर जी-कोड (मशीनला द्यायच्या हुकमांची भाषा), मग कंट्रोलवर एकेक ओळ टाइप. आमच्या फॅनक कंट्रोलवर ‘एक्स 50’ च्या पुढचा टिंब राहिला की मशीन 50 मिलिमीटर न जाता 50 मायक्रॉन जातं, हे एक जॉब बाद करून शिकलो. 2007 मध्ये कॅम सॉफ्टवेअर (3डी मॉडेलवरून मशीनचा प्रोग्रॅम बनवणारं) घेतलं आणि प्रोग्रॅमिंग माझ्याकडे आलं. 1952 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये कागदी पट्टीवरच्या भोकांनी मिलिंग मशीन चालवून दाखवलं होतं. ती गोष्ट मी पोरांना नेहमी सांगतो. भोकांच्या जागी कॅम आलं, तरी टूलपाथ, म्हणजे टूलचा रस्ता, कुठून कसा न्यायचा हे माणसालाच ठरवावं लागत होतं. 3डी मॉडेल उघडायचं, खिसे, भोकं, पायऱ्या बघायच्या, टूल निवडायचं, रफिंग (आधीची जाड कापणी), फिनिशिंग, पोस्ट (मशीनला कळेल असा कोड काढणं), सिम्युलेशन. मध्यम अवघड जॉबला चार-पाच तास सहज जायचे. कोटेशन द्यायचं तरी आधी सायकल टाइम (एका पीसला मशीनवर लागणारा वेळ) काढावा लागतो, आणि तो टूलपाथ टाकल्याशिवाय नीट निघत नाही.

मामा 2021 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत गेले. शेवटचं दर्शनही नीट झालं नाही.

आता त्या मुलाबद्दल. नाव लिहीत नाही. आयटीआय करून माझ्याकडे आला, सात वर्षं राहिला. कॅम मी शिकवलं, सेटिंग (मशीनवर जॉब आणि टूल बसवणं) मामांनी शिकवलं. मला काका म्हणायचा, आमच्या घरी जेवलेला आहे. 2022 मध्ये त्याने चाकणला स्वतःचं शॉप टाकलं. त्याचा राग नाही, मीसुद्धा एके ठिकाणची नोकरी सोडूनच गाळा घेतला होता. पण गाळा घेईपर्यंत त्याने मला कळू दिलं नाही, आणि पहिल्या वर्षातच माझ्या गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहिला.

ते गिऱ्हाईक म्हणजे पंप बनवणारी कंपनी. 2001 पासूनचं. त्यांचे परचेसचे साहेब दर खंडेनवमीला शॉपवर यायचे, झेंडूच्या माळा घातलेल्या मशीनपुढे स्वतः नारळ फोडायचे. लहान उद्योगाचं पेमेंट 45 दिवसांत करा असा कायदा आहे. तो किती पाळला जातो ते वाचणाऱ्यांना मी सांगायला नको. हे साहेब 30 दिवसांत पैसे पाठवायचे, लॉकडाउनमध्येसुद्धा. आमच्या धंद्याचा जवळजवळ निम्मा भाग त्यांच्याकडून होता.

दिवाळी झाली आणि साहेबांचा फोन आला. म्हणाले, “राग मानू नका. तुम्हाला ड्रॉइंग गुरुवारी पाठवलं की कोटेशन मंगळवारी येतं. त्यांचं त्याच संध्याकाळी येतं. मला ते वरच्या साहेबांना दाखवावं लागतं, आणि त्यांचा दरही कमी आहे.”

मी म्हटलं, “साहेब, गुरुवारी आमची सुट्टी असते, लाईट नसते.” बोललो आणि माझं मलाच वाईट वाटलं. बावीस वर्षांच्या गिऱ्हाइकाला मी लाईटचं कारण सांगत होतो.

त्या मुलाने काय केलं होतं ते नंतर समजलं. कॅमवर बसणारं एआय घेतलं होतं. ब्रिटनमधल्या क्लाउडएनसीचं कॅम असिस्ट 2023 मध्ये आलं, आधी ऑटोडेस्क फ्यूजनसाठी. त्यानंतर या प्रकारची आणखीही सॉफ्टवेअर बाजारात आली. ही सॉफ्टवेअर 3डी मॉडेल वाचतात, खिसा कुठे, भोक कुठे ते ओळखतात, टूल सुचवतात, स्पीड-फीड भरतात, टूलपाथ टाकून देतात. माणसाने तपासायचं आणि सुधारायचं. जिथे मी सोमवारपर्यंत सायकल टाइम काढत बसायचो, तिथे त्याच्याकडे चहा होईपर्यंत आकडा तयार असायचा. माझी कारागिरी कमी पडली नव्हती, माझं कोटेशन उशिरा पोचत होतं. हे मान्य करायला मला फार महिने लागले.

तोपर्यंत निम्मं काम गेलं होतं. दोन मशीनचे हप्ते चालू होते. बरेच महिने ओढाताण केली, ओव्हरटाइम बंद केला, दोन सेटर दुसरीकडे गेले. शेवटी 2024 च्या पावसाळ्यात एक व्हीएमसी विकला. सगळ्यांत नवा, कारण किंमत त्यालाच येत होती. हायड्रा क्रेन शेडच्या दारात लागली, मशीन उचललं, तशी खालच्या ट्रेमधून उरलेल्या कूलंटची धार लागली. मशीनच्या जागेपासून दारापर्यंत, पुढे रस्त्यापर्यंत पांढरी ओली रेघ. आमचा सर्वांत जुना ऑपरेटर पोतं घेऊन ती पुसत होता. मी त्याला म्हटलं, राहू दे. त्याने ऐकलं नाही, पूर्ण पुसूनच उठला.

मुलगी तेव्हा हिंजवडीत नोकरीला होती. मेकॅनिकल झालेली, पण काम कॉम्प्युटरचं. त्या रविवारी शॉपवर आली, रिकामी जागा बघितली, काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात राजीनामा देऊन आली. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, “बाबा, आपण तेच सॉफ्टवेअर घेऊ. पण मला आधी मामाआजोबांच्या वह्या द्या.”

आम्ही आमच्या कॅमला जुळणारं एक एआय घेतलं. पहिला जॉब 6061 ॲल्युमिनियमचं हाउसिंग. मला पाच तास लागले असते, त्याने सातेक मिनिटांत सगळे टूलपाथ टाकले. रफिंग तर माझ्यापेक्षा बरं टाकलं. पूर्ण धार वापरून बाजूने थोडं थोडं कापत नेणारं, टूलवर लोड सारखा राहील असं. मशीनवर घेतलं. खिसे सुंदर निघाले. पण 2 मिलिमीटरची पातळ भिंत आली, तसा शॉपभर किंचाळल्यासारखा आवाज. भिंतीवर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा.

चूक सॉफ्टवेअरची नव्हती. त्याला आम्ही सांगितलं होतं की 6 मिलिमीटरचं टूल होल्डरबाहेर 25 मिलिमीटर आहे, आणि प्रत्यक्षात सेटरने 50 काढलं होतं. टूल बाहेर दुप्पट काढलं की त्याच जोराला ते आठपट वाकतं. त्या एआयला आमचा होल्डर दिसत नाही, जॉब सॉफ्ट जॉमध्ये (जॉबच्या आकाराला कापून घेतलेल्या पकडीत) किती पकडलाय ते दिसत नाही, आमच्या दोन नंबरच्या मशीनचा स्पिंडल गरम झाल्यावर झेडला (उंचीच्या मापाला) किती फरक पडतो ते माहीत नाही. त्याला कुणीतरी सांगायला हवं.

आणि आमच्याकडे ते लिहिलेलं होतं. चौदा वह्या. मुलीने अडीच महिने लावून एकेक नोंद सॉफ्टवेअरच्या टूल लायब्ररीत भरली : कुठलं टूल कुठल्या होल्डरमध्ये, किती बाहेर, कुठल्या मटेरियलला किती स्पीड, दाताला किती फीड. मामांचं अक्षर लागलं नाही की मला हाक मारायची. पातळ भिंतीचं पान सहाव्या वहीत मिळालं : ‘एका बाजूने खालपर्यंत उतरू नये. दोन्ही बाजूंनी पायरी-पायरीने यावे. भिंत आपल्या पायावर उभी राहते.’ तसं केलं, आवाज गेला. त्या दिवशी मुलगी वही मिटवून बराच वेळ हातात घेऊन बसली होती.

आता आमचं कोटेशन त्याच दिवशी जातं. सोप्या जॉबला टूलपाथ जवळजवळ तयारच येतो, अवघड जॉबला निम्मं काम आमचंच. ज्यांना आत्ता हे घ्यायचंय त्यांना दोन-तीन गोष्टी सांगतो. सॉफ्टवेअरच्या आधी टूल लायब्ररी नीट करा, कंपनीने भरून दिलेल्या आकड्यांवर जाऊ नका. मोबाइलवरच्या फुकटच्या चॅटला जी-कोड लिहायला सांगू नका. ओळी बघायला बरोबर दिसतात, पण जी 43 (टूलच्या लांबीचा हिशोब) राहिला किंवा जी 00 (न कापता सुसाट चाल, म्हणजे रॅपिड) चुकीच्या जागी पडला की टूल सरळ जॉबमध्ये जातं. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग असल्या ठिकाणी टाकणं तर त्याहून वाईट. गुप्ततेच्या कागदावर तुमची सही असते, चॅटवाल्याची नसते. आणि प्रोग्रॅम माणसाने लिहिलेला असो की एआयने, पहिला पीस सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एकच ओळ), रॅपिड 25 टक्क्यांवर आणि बोट फीड होल्डवर (चाल थांबवायच्या बटणावर) ठेवूनच घ्या. सिम्युलेशनमध्ये क्लॅम्प दाखवला नसेल तर सिम्युलेशनला तो माहीत नसतो.

प्रोग्रॅमरची नोकरी जाईल का, असं पोरं विचारतात. माझ्याकडचा प्रोग्रॅमर आता दिवसाला एकाऐवजी चार जॉब तपासतो आणि निम्मा वेळ मशीनपाशी असतो. जो मशीनपाशी कधी गेलाच नाही, त्याचं अवघड आहे.

साहेबांनी गेल्या मार्चपासून निम्मं काम परत दिलं. निम्मं अजून चाकणलाच जातं. खंडेनवमीला ते आले, नारळ फोडला. मामांच्या वह्या आम्ही मशीनशेजारी पूजेला मांडल्या होत्या, त्यांवरही त्यांनी हळद-कुंकू वाहिलं.

गेल्या आठवड्यात त्या मुलाचा फोन आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. “काका, एसएस 316 चा जॉब आलाय. सॉफ्टवेअर जे आकडे देतंय त्यावर टूल टिकत नाहीये. मामांच्या वहीत त्याचं एक पान होतं, डाव्या बाजूला. फोटो पाठवाल का?”

पान आहे. नवव्या वहीत, डाव्या बाजूलाच. मुलगी म्हणते, द्या बाबा, मामाआजोबांनी दिलं असतं. मी अजून पाठवलेलं नाही.